डुकरांचा ताप ओळखायचा कसा?

डुकराला ताप भरला, कान जांभळे पडले, खाणे सुटले. हा नेहमीचा वराहज्वर की आफ्रिकी वराहज्वर? नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही.

केनियात माँटगोमेरी या पशुवैद्याने हे दोन रोग वेगळे असल्याचे १९२१ साली मांडले. नेहमीचा ताप ज्यांना बाधत नसे, ती डुकरेही या तापाने मरत, हीच कसोटी. म्हणजे परीक्षेपायी जनावरच द्यायचे! १९६० साली माल्मक्विस्ट व त्यांच्या सहकाऱ्याने दुसरी खूण शोधली. काचपात्रातल्या रोगट पेशींभोवती डुकराच्या तांबड्या रक्तपेशी चिकटतात. जनावर वाचले, पण निकालाला दिवस लागतच.

२०२० साली रोग आसामात आला, तेव्हा निदान झाले थेट भोपाळच्या प्रयोगशाळेत. आता पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला, की जागेवरच काही मिनिटांत रोगाची रेघ उमटते.

मात्र एक ध्यानात ठेवा. रेघ उमटली नाही म्हणजे रोग नाहीच, असे नव्हे. रक्तात विषाणू थोडे असले तर पट्टी फसते. तेव्हा प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत आजारी जनावर बाजारात नेऊ नका. या रोगावर औषध नाही. वेळीच ओळखले, तर निदान शेजाऱ्याची डुकरे तरी वाचतील.