अर्धा गेम पुठ्ठ्यावर

मंडळी, आज आधी खोक्याबद्दल बोलू. गेम नंतर.

१९७७ साली अमेरिकेत अटारीचं कन्सोल आलं, पुढे २६०० नावाने ओळखलं गेलेलं. रॅम किती? १२८ बाइट. गिगाबाइट नाही, मेगाबाइट नाही, नुसते बाइट! युनिकोडमध्ये मराठीचं एकेक चिन्ह साधारण ३ बाइट खातं, म्हणजे ४२ चिन्हांत खेळ खल्लास.

१९८० चा ‘ॲडव्हेंचर’ घ्या. हिरो म्हणजे एक चौकोन. ड्रॅगन तर चक्क बदक वाटतो. आणि खोक्यावर? सुझन जेकेल यांनी रंगवलेला किल्ला, भुलभुलैया, खराखुरा ड्रॅगन! काही जण याला फसवणूक म्हणतात. मला नाही पटत. पोरं आधी चित्र बघायची आणि मग त्या चौकोनातच वीर दिसायचा. अर्धा गेम कार्ट्रिजमध्ये, अर्धा पुठ्ठ्यावर.

श्रेयाचं मात्र वांधं होतं. अटारी प्रोग्रामरचं नाव छापत नसे. म्हणून वॉरन रॉबिनेटने याच गेममध्ये गुप्त खोली बनवली आणि तिथे स्वतःचं नाव टाकलं. कोड लिहिणाऱ्या कुणालाही ती खाज कळेल. कव्हर रंगवणाऱ्यांची नावं तर आजही फार थोड्यांना माहीत आहेत.

जमवणाऱ्यांची गोची वेगळीच. कार्ट्रिज प्लॅस्टिकची, टिकली. खोकी पुठ्ठ्याची, बहुतेकांनी फेकली. त्यामुळे सुटी कार्ट्रिज स्वस्तात मिळते, पण खोक्यासकट हवी असेल तर खिसा रिकामा. आपल्याकडच्या ‘९९९९ इन १’ वाल्या कार्ट्रिजला बऱ्याचदा खोकंच नसायचं, स्टिकर तेवढं. माळ्यावर एखादी सापडली तर ते नखाने खरवडू नका.