माइंड मॅपचं ॲप स्वतःच्या सर्व्हरवर कसं चालवायचं? समजून घ्या

मधोमध एक विषय आणि त्याला फुटलेल्या फांद्या, म्हणजे माइंड मॅप. ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझा अख्खा प्रोजेक्ट अशाच एका मोफत ऑनलाइन ॲपमध्ये होता. एके दिवशी नियम बदलला: मोफत खात्यात फक्त तीन मॅप. बाकीचे दिसायचे, पण उघडायचे नाहीत! यावरचा एक उपाय म्हणजे सेल्फ-होस्टिंग, म्हणजेच ॲप आणि डेटा आपल्या ताब्यातल्या कॉम्प्युटरवर ठेवणं.

ॲप बनतं कसं?

वाटतं तेवढं अवघड नाही. प्रत्येक फांदीत थोडा मजकूर आणि तिच्या उपफांद्यांची यादी असते. ही माहिती जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात साठवली जाते. चौकोन आणि रेषा काढायचं काम ब्राउझर करतो. त्यासाठी माइंड इलिक्सर, जेएसमाइंड अशा मोफत, ओपन सोर्स जावास्क्रिप्ट लायब्ररी आहेत. सगळं शून्यापासून लिहायचा हट्ट नको.

खरी गोची सेव्ह करताना

ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये साधारण ५ एमबी मजकूर मावतो. मॅपसाठी तो पुरतो. पण ब्राउझरचा डेटा साफ केला की मॅप गेले, आणि लॅपटॉपवरचा मॅप फोनवर दिसणारही नाही. म्हणून सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम आणि डेटाबेस लागतो. एकट्यासाठी एसक्यूलाइट पुरेसा आहे, कारण त्याचा सगळा डेटा एकाच फाइलमध्ये राहतो. मात्र ॲप चालू असताना ती फाइल नुसती कॉपी करू नका, अर्धवट प्रत मिळू शकते. एसक्यूलाइटचीच बॅकअप कमांड वापरा.

डॉकर वापरत असाल तर आणखी एक सापळा आहे. डेटा कंटेनरच्या आत ठेवला आणि अपडेट करताना कंटेनर काढून नवा बनवला, की डेटाही जातो. त्यामुळे पहिल्याच दिवशी 'व्हॉल्यूम' जोडून डेटा बाहेर ठेवा.

फोन आणि लॅपटॉप दोन्हीवर एकच मॅप उघडा असेल तर? शेवटी सेव्ह झालेली प्रत आधीचे बदल पुसते. प्रत्येक सेव्हला आवृत्ती क्रमांक द्या. क्रमांक जुळला नाही, तर सर्व्हरने सेव्ह नाकारून तसं सांगायला हवं.

ठेवायचं कुठे?

जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसुद्धा चालतो. पण भारतात घरच्या ब्रॉडबँडला बऱ्याचदा स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही, त्यामुळे बाहेरून थेट पोहोचता येत नाही. अशा वेळी टेलस्केलसारखं खासगी नेटवर्क सोयीचं. वीज गेली की ॲप बंद, हे आलंच! भाड्याचा सर्व्हर घेतलात तर पासवर्ड आणि एचटीटीपीएस हवंच. त्याचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळतं.

आणि हो, ॲपमध्ये एक्स्पोर्टचं बटण ठेवा. फ्रीमाइंडच्या .एमएम फॉरमॅटमध्ये मॅप बाहेर काढता आला, तर तो फ्रीप्लेनसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही उघडतो.