निवडुंग (मिंगुट, वई निवडुंग, स्नुही)

एरंडाच्या कुळातील विषारी, काटेरी झुडूप किंवा लहान वृक्ष. शास्त्रीय नाव युफोर्बिया नेरिफोलिया. लिनीअसने 1753 मध्ये त्याचे वर्णन केले. खोड मांसल, त्यावर तिरप्या ओळींत उंचवटे आणि प्रत्येक उंचवट्यावर काट्यांची जोडी. जाड, गुळगुळीत पाने फांद्यांच्या टोकांशी दाटतात आणि कोरड्या दिवसांत गळून जातात. कोठेही खाप पडली की पांढरा चीक वाहतो. नाशिकसारख्या कातळी मुलखात कुंपणाला हे झाड सोयीचे, कारण गुरे त्याला तोंड लावत नाहीत. नावामुळे होणारी गल्लत मात्र घातक ठरू शकते. ज्याची लाल बोंडे खातात ते फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेले, वेगळ्या कुळातले आणि बिनचिकाचे. उलट त्रिधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर ही मिंगुटाची सख्खी भावंडे असून तितकीच दाहक आहेत. अशी ओळख पटवायला आधार आहे: नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवर पी. लक्ष्मीनरसिंहन आणि बी. डी. शर्मा यांचा ग्रंथ 1991 मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. औषधाचा विचार अशा नेमक्या ओळखीपासूनच सुरू व्हायला हवा.

या झाडाचे विष आणि औषध एकाच चिकात आहे. चिकातील इंजेनॉल गटातील डायटर्पीन संयुगे त्वचा आणि श्लेष्मल पडदा भाजून काढतात. कातडीवर फोड येतात, डोळ्यात थेंब उडाला तर बुबुळाला दाह होऊन काही काळ दृष्टी मंदावते, आणि पोटात गेल्यास उलट्या व तीव्र जुलाब होतात. याच रेचक शक्तीसाठी चरकसंहितेने कल्पस्थानात स्नुहीला स्वतंत्र अध्याय दिला आणि तीक्ष्ण रेचकांत तिच्या दुधाला पहिला मान दिला. उदररोग, गुल्म (पोटातील गाठ), पांडुरोग अशा हट्टी विकारांत ते सुचवले आहे. पण त्याच अध्यायात अटीही आहेत: मृदू कोठ्याच्या (सहज जुलाब होणाऱ्या) रोग्याला ते देऊ नये, दोष थोडा असेल तर देऊ नये, दुसरा उपाय उपलब्ध असेल तर देऊ नये, चीक दोन-तीन वर्षांच्या झाडाचा, शिशिराच्या अखेरीस काढावा. रसशास्त्राने स्नुहीला उपविषांत (दुय्यम विषांत) घालून चिंचेच्या पानांच्या रसात शोधन सांगितले. माझ्या मते या परंपरेचे खरे मोल या अटींतच आहे. अटी गाळून उरतो तो नुस्खा, आणि त्याला परंपरेचे नाव देणे हा परंपरेवरच अन्याय आहे.

यावर आक्षेप येतो की खेडोपाडी लोक हे झाड पिढ्यान् पिढ्या वापरत आले. चामखिळीवर चीक लावतात, पान गरम करून पिळलेला रस खोकल्याला किंवा ठणकणाऱ्या कानाला देतात, आणि कोणाचे काही बिघडत नाही. मात्र ज्यांचे बिघडले त्यांची गणती या सांगण्यात येत नाही. शिवाय पान भाजून काढलेला रस आणि खोडाचा कच्चा चीक यांत फार अंतर आहे. जाणत्या वैदूला ते ठाऊक असते; ऐकीव माहितीवर फांदी मोडणाऱ्याला नसते. चामखिळीवरचा चीक चार केसांएवढा बाजूला सरकला तरी चांगली कातडी जळते, आणि पडदा फाटलेल्या कानात कुठलाही रस घालणे धोक्याचेच.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा: विष आहे तर झाड औषधातून काढूनच टाका. त्याला क्षारसूत्राचे उत्तर आहे. भगंदरात ओवण्याच्या या औषधी धाग्याचे मूळ सुश्रुतापर्यंत जाते. आज रूढ असलेल्या पद्धतीत लिननच्या धाग्याला एकवीस लेप देतात: अकरा नुसत्या स्नुहीच्या चिकाचे, सात चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, तीन चीक आणि हळदीचे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची अनेक केंद्रांवरील तुलनात्मक चाचणी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात क्षारसूत्राने जखम भरायला साधारण 8 आठवडे लागले, शस्त्रक्रियेने 4. पण वर्षभरात भगंदर उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात 4 टक्के, तर शस्त्रक्रियेत 11 टक्के होते. दाहक चीक नेमक्या जागी, ठरलेल्या मात्रेत, प्रशिक्षित हाताने वापरला तेव्हा तो उपयोगी पडला.

मग चिकातले शुद्ध द्रव्य वेगळे काढले की धोका संपेल, असेही नाही. याच वंशातील युफोर्बिया पेप्लस या वनस्पतीपासून मिळवलेल्या इंजेनॉल मेब्युटेटच्या मलमाला त्वचेच्या एका कर्करोगपूर्व विकारासाठी अमेरिकेत 2012 मध्ये परवानगी मिळाली. पुढे उपचार केलेल्या जागी त्वचेचे कर्करोग वाढल्याची शंका आली आणि 2020 मध्ये युरोपात ते मागे घेण्यात आले. अशी शंका वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींतूनच दिसते, आणि घरगुती वापराची तशी नोंद कोणी ठेवत नाही. 1998 पासून आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक ही दोन्ही महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या एका छत्राखाली आहेत, आणि ते विद्यापीठ नाशिकलाच आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरील जाणत्यांचे उपयोग त्यांच्या अटींसह आणि अपायांसह टिपण्याचे काम येथून व्हायला हवे.

औषध नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये स्नुहीचा समावेश आहे. ती असलेले पोटात घ्यायचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, असा इशारा वेष्टनावर बंधनकारक आहे. गरोदर स्त्रिया आणि मुले यांना ती घरच्या घरी कधीही देऊ नये. कुंपण छाटताना डोळे झाकावेत. चीक डोळ्यात गेल्यास दूध, तूप, मध काहीही न घालता स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे सतत धुवावे आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.