‘सोल्ड आउट’ म्हणजे नक्की काय विकलं?

समजा, तुम्ही एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पत्रव्यवहारावर काम करताय. १८२५च्या सुमाराच्या एका पत्रात दिसतं, की अमुक एक कॅप्टन ‘सोल्ड आउट’ करून मायदेशी परतला. पहिल्यांदा मनात काय येतं? बहुधा फितुरी. आज ‘सेल आउट’ म्हणजे पैशासाठी तत्त्वं सोडणं, आपल्याच माणसांना दगा देणं. तुम्ही वहीत टिपता, ‘कॅप्टन फितूर?’ सहा महिन्यांनी प्रकरण लिहिताना ते प्रश्नचिन्ह गळून पडतं. दोनशे वर्षांपूर्वी मेलेला माणूस फितूर ठरतो, आणि खुलासा करायला तो काही येऊ शकत नाही.

त्या कॅप्टनने विकलं होतं ते स्वतःचं पद. तेही उघडपणे, सरकारच्या परवानगीने.

ब्रिटनच्या राजाच्या फौजेत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८७१पर्यंत पायदळ आणि घोडदळातली, लेफ्टनंट कर्नलपर्यंतची पदं विकत मिळत. या पदाच्या सनदेला ‘कमिशन’ म्हणत. आपल्याकडच्या दलालीच्या कमिशनशी त्याची गल्लत करू नका. तोफखाना आणि इंजिनिअर दलात मात्र ही पद्धत नव्हती.

१८२१ साली ठरलेले नेहमीच्या पायदळ पलटणीचे दर बघा: एन्साइन ४५० पौंड, लेफ्टनंट ७००, कॅप्टन १,८००, मेजर ३,२००, लेफ्टनंट कर्नल ४,५००. आता कॅप्टनने पद विकलं तर काय व्हायचं? त्याच्या जागी येणारा लेफ्टनंट फरकाचे १,१०० पौंड भरायचा. लेफ्टनंटच्या जागी येणारा एन्साइन २५०, आणि नव्याने भरती होणारा पोरगा ४५०. बेरीज करा: बरोबर १,८००. ही रक्कम घेऊन कॅप्टन घरी जायचा. हे झाले सरकारी दर. प्रत्यक्षात वरचे पैसेही सर्रास दिले जात, ते बेकायदा असले तरी.

त्यामुळे ‘सोल्ड आउट’चा अर्थ साधारणपणे ‘पद विकून निवृत्त झाला’ एवढाच. किंबहुना पदाची किंमत हीच त्याची म्हातारपणाची पुंजी असायची. लढाईत मेला तर ती सहसा बुडायची. लष्करी न्यायालयाने बडतर्फ केलं तरी बुडायची. म्हणजे ज्याने पद विकलं, तो निदान बडतर्फ तरी झालेला नव्हता. ज्या शब्दावरून आपण त्याला फितूर ठरवायला निघालो होतो, तो उलट त्याच्या बाजूने साक्ष देतोय! अर्थात इथेही घाई नको. काही वेळा चौकशीची नामुष्की टाळायला एखाद्याला ‘पद विकून जा’ अशी सवलत मिळायची. शब्द दार उघडून देतो. आत काय आहे ते बाकीच्या कागदांतच बघावं लागतं.

मग दग्याचा अर्थ आला कुठून? त्यासाठी मूळ क्रियापदाकडे जाऊ. जुन्या इंग्रजीत ‘सेल्लान’चा अर्थ होता देणं, हवाली करणं. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी बायबलमध्ये देवाकडे रोजची भाकरी मागताना याच क्रियापदाचं रूप वापरलंय. म्हणजे आजचा ‘सेल’ तिथे ‘दे’ या अर्थाने उभा आहे. किमतीच्या बदल्यात देणं हा त्याचा एक उपयोग होता. पुढे ‘देणं’ हे काम ‘गिव्ह’ने उचललं आणि ‘सेल’कडे विक्री उरली. पण ‘हवाली करणं’ याला दुसरी बाजूही आहेच ना? मालही हवाली करतात आणि माणूसही, शत्रूच्या. त्यामुळे नुसत्या ‘सेल’ला दग्याची छटा जुनीच आहे. ‘सेल आउट’ या जोडीला ती चिकटली मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास, अमेरिकी राजकारणात. १८७१मध्ये ग्लॅडस्टन सरकारचे युद्धमंत्री कार्डवेल यांच्या प्रयत्नांतून पदविक्री बंद झाली. ती व्यवस्था गेल्यावर लष्करी अर्थाचा आधारच गेला. आपल्या कानांवर उरला तो दग्याचा अर्थ.

मराठी कागद वाचणाऱ्यांना हे नवं वाटू नये. पेशवेकाळात ‘पाटीलकी विकली’ असं येतं, तेव्हा आजच्या ‘पदं विकली’ या आरोपाचा चश्मा लावून चालत नाही. पाटीलकी हे वतन होतं. अडचणीत आलेला पाटील तिचा अर्धा हिस्सा विकून पुढे नव्या भागीदाराबरोबर ती चालवत राहायचा. तिथे विकणारा जागेवर राहतो. इंग्रज कॅप्टन मात्र जागा सोडून जातो. विकणं दोन्हीकडे, व्यवहार वेगळे.

तेव्हा असा शब्द भेटला की तीन गोष्टी तपासा.

पहिली, माणूस कुठल्या फौजेतला? १८०३ साली असईच्या लढाईत वेलस्लीबरोबर राजाच्या पलटणी होत्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्याही. वेलस्लीने स्वतः ३३व्या पलटणीतली पदं पैसे मोजून मिळवली होती. कंपनीच्या फौजेत मात्र बढती ज्येष्ठतेनुसार मिळायची, अधिकृत पदविक्री नव्हती. तिथे कनिष्ठ अधिकारी वर्गणी काढून वरिष्ठाला निवृत्त व्हायला राजी करायचे, पण तो वेगळा मामला.

दुसरी, काय विकलं आणि कोणी घेतलं? ‘लंडन गॅझेट’मध्ये नेमणुका छापून येत: कोण, कोणाच्या जागी, खरेदीने की खरेदीविना. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ ३१’ या मालिकेत पद घेण्या-विकण्याचे अर्ज आहेत. पत्रातल्या एका शब्दाची शहानिशा करायला एवढी साधनं असताना अंदाजावर कशाला राहायचं?

तिसरी, साल कोणतं? १८२५ आणि १८९५ या दोन सालांत तोच शब्दप्रयोग दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतो.

आणि एक साधी सवय लावून घ्या. टिपण काढताना मूळ शब्द जसाच्या तसा उतरवा, शेजारी तारीख टाका, आणि तुम्ही लावलेला अर्थ वेगळ्या रंगात लिहा. ‘कॅप्टन फितूर?’ असं लिहिलं की मूळ शब्द हरवतो, आणि तो हरवला की चूक शोधायला परत दप्तरखाना गाठावा लागतो. ‘सोल्ड आउट, १८२५’ असं लिहिलं असेल, तर सहा महिन्यांनी निदान प्रश्न तरी शिल्लक राहतो.