१५ डिसेंबर १७९६ : एका भेटीची यादी

१५ डिसेंबर १७९६ ही तारीख युरोपच्या इतिहासात एका फसलेल्या मोहिमेमुळे नोंदली गेली आहे. त्या दिवशी ब्रेस्ट बंदरातून फ्रेंच आरमार आयर्लंडच्या दिशेने निघाले. वादळाने त्याची वाताहत केली आणि बॅन्ट्रीच्या उपसागरातून सैन्य न उतरवताच जहाजे परतली. याच तारखेची दुसरी एक नोंद आहे. तिच्याकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष बऱ्याच उशिरा गेले. त्या दिवशी लंडनच्या बॅनर स्ट्रीटवरील ख्रिस्टोफर गॅब्रिएल या रंधे बनविणाऱ्या व हत्यारे विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून जोसेफ सीटन यांनी मुलगा बेंजामिन याच्यासाठी सुतारकामाच्या हत्यारांचा संपूर्ण संच विकत घेतला. सीटन कुटुंब केंट परगण्यातील चॅटमचे.

बेंजामिनने १ जानेवारी १७९७ रोजी या हत्यारांसाठी पेटी करावयास घेतली आणि १५ एप्रिलला ती पुरी केली. हत्यारांची किमतींसह यादीही त्याने पेटीत ठेवली. आज ही पेटी रोचेस्टर येथील गिल्डहॉल संग्रहालयात आहे. हत्यारांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेने १९९४ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ काढला, तेव्हापासून अभ्यासकांना ती जवळून परिचित झाली. अठराव्या शतकातील इतका भरगच्च आणि लेखी यादीसह टिकलेला संच दुर्मिळ होय.

ही यादी आपण संहिता म्हणून वाचली पाहिजे. तिच्यात विशेषणे नाहीत, भावना नाहीत. नावे, संख्या आणि किमती एवढेच आहे. पण नावांतच सारे ज्ञान साठवलेले आहे. पाठीवर धातूची पट्टी बसविलेल्या करवती एक-दोन नव्हेत, चार आहेत, आणि प्रत्येकीचे नाव तिच्या कामावरून किंवा ज्या वस्तूसाठी ती वापरावयाची तिच्यावरून पडलेले आहे. रंध्यांत लाकूड सपाट करणारे वेगळे आणि नक्षीचे काठ काढणारे वेगळे. त्यांतही गोल व खोलगट अशा जोड्या. कारागिराचे ज्ञान सहसा हातातून हातात जाते, कागदावर उतरत नाही. येथे ते उतरले, तेही व्याख्येच्या रूपाने नव्हे, तर वर्गीकरणाच्या रूपाने. कोणत्या दोन कामांसाठी दोन वेगळी हत्यारे लागतात, हे ठरविणे हीच त्या विद्येची व्याकरणरचना.

यादी आणखी एक गोष्ट सांगते. रंधे लंडनच्या गॅब्रिएलचे, तर करवती शेफील्डच्या केनियनच्या. ॲडम स्मिथने श्रमविभागणीचे विवेचन १७७६ मध्ये केले. त्यानंतर वीस वर्षांनी चॅटमच्या एका मुलाच्या पेटीत ती श्रमविभागणी मुकाट्याने येऊन बसलेली दिसते.

बेंजामिन पेटी घडवीत होता ते १०५ दिवस साधे नव्हते. फेब्रुवारी १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले. पेटी पुरी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिलला, स्पिटहेड येथे खलाशांनी बंड पुकारले. मे महिन्यात बंडाचे लोण चॅटमपासून फार दूर नसलेल्या नोर येथील जहाजांपर्यंत पोहोचले. यादीत याचा मागमूस नाही. तो नसावा याचे आम्हांस नवल वाटत नाही; राष्ट्राचा काळ आणि पटाशीचा काळ एकाच दिनदर्शिकेत असूनही वेगळ्या गतीने चालतात.

या खरेदीला नाताळची भेट म्हणण्याचा मोह होतो, कारण ती नाताळच्या दहा दिवस आधीची आहे. परंतु तारखांच्या जवळिकीवरून हेतू सिद्ध होत नाही. बापाने मुलासाठी घेतले, इतकेच आपल्या हाती आहे. मात्र भेट कशाला म्हणावे याचा विचार मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या सुमारास केला, तो येथे उपयोगी पडतो. देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही त्यांच्या मते तीन बंधने. बेंजामिनने हत्यारे स्वीकारली, त्यांना घर बांधले आणि प्रत्येकाचे नाव लिहून ठेवले. परतफेडीची ही एक रीत मानावयास हरकत नसावी.

आता यातील विसंगती. ही हत्यारे इतकी चांगली टिकली, कारण ती फारशी वापरली गेली नाहीत. रोज धार लावली की रंध्याचे पाते आखूड होते, कानस फिरली की करवतीचे पाते अरुंद होते. मालक गेला की हत्यारे सुटी सुटी विकली जातात. ज्यांनी त्या शतकाची घरे आणि गलबते बांधली त्यांच्या हत्यारांचा असा पुरावा आपल्यापाशी नाही. ज्याने कमी काम केले त्याचा आहे. आपल्याकडे खंडेनवमीला सुतार आपली हत्यारे धुऊन, पुसून, ओळीने मांडतो व त्यांची पूजा करतो. तीही एक यादीच, पण पूजा उरकली की ती मोडते आणि हत्यारे पुन्हा झिजू लागतात. सीटनची पेटी पाहताना या न लिहिलेल्या याद्यांचे स्मरण ठेवले नाही, तर जे उरले तेच घडले असे आपण समजून बसू. आणि इतिहासाच्या, तशाच साहित्येतिहासाच्या, अभ्यासकाने टाळावयाची चूक नेमकी हीच आहे.