पूना डिव्हिजन आणि आमचे बसरावाले

आमच्या गावात आम्हाला आडनावाने कोणी ओळखत नाही. सातारा जिल्ह्यातले लहानसे गाव. तिथे आमच्या घराला 'बसरावाले' म्हणतात. पोस्टमन म्हणतो, दूधवाला म्हणतो, देवळातले गुरवही म्हणतात. लहानपणी मला वाटे की आमच्या घरी कोणी अत्तर नाही तर खजूर विकत असावे. आठवीत इराकचा नकाशा पाहिला आणि त्यात बसरा सापडले, तेव्हा दादीला विचारले. दादी म्हणाली, "तुझे बडे दादा बसऱ्याच्या लढाईला गेले होते. पाणी पाजायला."

श्रोतेहो, त्या पाणी पाजणाऱ्या माणसामुळे मी एका फौजेच्या इतिहासात शिरलो. मी इतिहासकार नव्हे. कविता लिहितो, आणि बी. ए. होतानाही इतिहास हा काही माझा मुख्य विषय नव्हता. पण आपल्या घराला गावाने दिलेले नाव कुठून आले, हे कळेपर्यंत माणसाला चैन पडत नाही.

बडे दादा म्हणजे माझे पणजोबा. ११० मराठा लाइट इन्फन्ट्री या पलटणीत ते भिस्ती होते. ही पलटण बेळगावच्या ब्रिगेडमध्ये होती आणि ती ब्रिगेड सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये. पलटण, ब्रिगेड, डिव्हिजन हे शब्द आपण सैलपणे वापरतो, म्हणून ही मांडणी आधी थोडी सांगतो.

लॉर्ड किचनेर १९०२ साली हिंदुस्थानचा सरसेनापती होऊन आला. मुंबई, मद्रास, बंगाल अशी वेगवेगळ्या इलाख्यांची लष्करे १८९५ सालीच मोडली होती, पण पलटणींचे आकडे जुनेच राहिले होते. एकाच आकड्याच्या दोन-तीन पलटणी असत. किचनेरने १९०३ साली आकडे बदलले. मुंबईच्या पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले. तिसरीची १०३ झाली, दहावीची ११०, सतरावीची ११७. शिपायांनी हा हिशेब कसा पचवला असेल कोण जाणे! सगळ्या फौजेच्या मग डिव्हिजन पाडल्या. पहिली पेशावर, दुसरी रावळपिंडी, तिसरी लाहोर, चौथी क्वेट्टा, पाचवी महू आणि सहावी पूना.

पूना डिव्हिजनमध्ये पायदळाच्या तीन ब्रिगेड होत्या. सोळावी पुण्याची, सतरावी अहमदनगरची, अठरावी बेळगावची. प्रत्येक ब्रिगेडीत चार पलटणी, त्यातली एक गोरी आणि तीन हिंदी. गोऱ्या-हिंदी पलटणींचे प्रमाण राखायचे धोरण सत्तावन्नच्या उठावानंतर ठरले. मैदानी तोफाही गोऱ्यांच्याच हाती. हिंदी गोलंदाजांना खेचरांवर लादायच्या पहाडी तोफा तेवढ्या मिळत. विश्वास टाकायचा, पण मोजून टाकायचा, असा तो कारभार होता.

पुण्याच्या ब्रिगेडीत डॉर्सेट ही गोरी पलटण, तिच्याबरोबर २० पंजाबी, १०४ वेलस्ली रायफल्स आणि ११७ मराठा. नगरच्या ब्रिगेडीत ऑक्सफर्डशायर-बकिंगहॅमशायर, २२ पंजाबी, १०३ मराठा आणि ११९ मुलतान. बेळगावच्या ब्रिगेडीत नॉरफोक, ७ रजपूत, ११० मराठा आणि १२० राजपुताना. म्हणजे नऊ हिंदी पलटणींतल्या तीन मराठा. शिवाय खडकीच्या बाँबे सॅपर्सच्या दोन कंपन्या, ४८ पायोनियर्स, घोडदळ, तोफखाना, सिग्नल कंपनी, दवाखाने, खेचरांचे तांडे.

मराठा पलटण म्हणजे तीत सगळे मराठेच, असा आपला समज असतो. माझाही होता. प्रत्यक्षात त्या काळी या पलटणींत दख्खनी मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान अशा वेगवेगळ्या कंपन्या होत्या. एकाच पलटणीत शिवाजी महाराजांचे नाव घेणारे आणि नमाजाला उभे राहणारे. भांडणे होत नसतील असे मी म्हणणार नाही. पण बोली एक, गावे शेजारशेजारची आणि पगारही सारखाच, शिपायाला महिना अकरा रुपये. महारांना मात्र १८९२ नंतर 'लढाऊ जमात' नाही म्हणून भरतीतून बाद केलेले होते. लढाईने माणसे खाऊन टाकल्यावर, १९१७ साली १११ महार पलटण उभी करायचे सरकारला सुचले, आणि गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडायचेही सुचले.

या सगळ्या तक्त्यात अगदी खाली, बहुतेक वेळा बारीक टायपात, एक शब्द असतो. फॉलोअर्स. मागून चालणारे. त्यात भिस्ती, आचारी, धोबी, मोची, भंगी, घोड्यांचे सईस, डोलीवाले कहार, खेचरे हाकणारे द्राबी. पलटण हे चालते गाव असते आणि गावाला बलुतेदार लागतात. आमचे बडे दादा त्या बारीक टायपातले.

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी जनरल डेलामेनच्या हाताखाली पुण्याची ब्रिगेड मुंबईहून निघाली. कुठे चाललो हे माणसांना ठाऊक नव्हते. तुर्कस्तान अजून लढाईत उतरले नव्हते. ५ नोव्हेंबरला इंग्लंडने तुर्कांशी युद्ध पुकारले आणि दुसऱ्या दिवशी ब्रिगेड फावच्या किनाऱ्यावर उतरली. महिन्याच्या मध्यावर जनरल बॅरेट बेळगावच्या ब्रिगेडीसह येऊन पोचला. त्याच सुमारास इस्तंबूलमध्ये सुलतानाने, जो साऱ्या सुन्नी मुसलमानांचा खलिफा मानला जाई, इंग्रजांविरुद्ध जिहाद जाहीर केला. इकडे हैदराबादच्या निजामाने मुसलमानांनी इंग्रजांशी इमान राखावे असा जाहीरनामा काढला. सातारा जिल्ह्यातल्या एका भिस्त्याने या दोघांपैकी कोणाचे ऐकायचे? बहुतेक त्याला दोन्ही कळलेच नसेल. मशक रिकामी झाली की भरायची, एवढे त्याला कळत होते.

२२ नोव्हेंबरच्या सुमारास बसरा पडले, ९ डिसेंबरला कुर्ना. एप्रिल १९१५ मध्ये शुऐबाला तीन दिवस मोठी लढाई झाली. तुर्क सेनापती सुलेमान अस्करीने पराभवानंतर स्वतःला गोळी घातली. या लढाईची एक गंमत सांगतात. इंग्रजांकडून खेचरांचा तांडा पुढे येत होता आणि वाळवंटातल्या मृगजळात तुर्कांना ती नवी फौजच वाटली, म्हणून ते मागे हटले. खरे असेल तर ती लढाई द्राबींनी जिंकली म्हणायची!

मग टाउनशेंड आला. हुशार, नाटकी आणि स्वतःवर फार प्रेम असलेला माणूस. मेच्या शेवटी पुराच्या पाण्यातून होड्यांत बसून त्याने कुर्नाच्या वरची तुर्क ठाणी घेतली, ३ जूनला अमारा घेतले, सप्टेंबरअखेर कुत घेतले. पुढे बगदाद दिसू लागले. बसऱ्यात जनरल निक्सनला घाई, सिमल्याला घाई. नदीतून सामान न्यायला पुरेशा बोटी नाहीत, इस्पितळाच्या बोटी नाहीत, जखमींसाठी चांगली वाहने नाहीत, याचा विचार कोणी करेना. डिव्हिजन सरहद्दीवरच्या टोळ्यांशी चार दिवस लढून परत येण्याच्या बेताने बांधलेली, आणि तिला समुद्रापासून शेकडो मैल आत धाडलेली.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी लढाई झाली त्या जागेला इंग्रजी पुस्तके टेसिफॉन म्हणतात. आपल्या लोकांच्या तोंडी तिचे नाव सलमान पाक. पैगंबरांचे साथी सलमान फारसी यांची कबर तिथे आहे. त्या कबरीच्या आसपास गोळी चालवायला काही पठाण शिपाई नाखूष होते आणि अधिकाऱ्यांना त्याची धास्ती होती. मला हे वाचताना आमच्या दादीची आठवण झाली. ती दर्ग्यावरून जाताना एस. टी.तही डोक्यावर पदर घेई. त्या लढाईत आपल्या बाजूची साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या, खेचरांच्या दोन चाकी गाड्यांत घालून नदीपर्यंत आणले. मेजर कार्टर नावाच्या सरकारी डॉक्टरने जखमींनी भरलेली बोट बसऱ्याला लागताना पाहिली, तिची अवस्था लिहून वर कळवली, आणि त्याबद्दल त्यालाच दटावण्यात आले. पुढे १९१७ साली चौकशी आयोगाचा अहवाल बाहेर आल्यावर भारतमंत्री चेंबरलेनला पायउतार व्हावे लागले.

डिव्हिजन मागे फिरली आणि ३ डिसेंबरला कुतमध्ये शिरली. चार दिवसांत तुर्कांनी वेढा घातला. तो १४७ दिवस चालला.

कुत हे तैग्रिस नदीच्या वळणावरचे मातीच्या घरांचे गाव. तीन बाजूंना नदी. नदीपलीकडे लोकरीच्या कारखान्याची एक वस्ती होती, ती ११० मराठा आणि १२० राजपुताना यांनी धरून ठेवली होती. बडे दादा तिथे असणार. तिथून गावाशी बोलायचे तर रात्री होडीतून. चहूकडे पाणी, पण ते आणायला काठावर जाणे म्हणजे मरणाला आवतण. समोरच्या काठावर तुर्क नेमबाज बसलेले. पाणी भरायला वाकलेला भिस्ती त्यांना सगळ्यात सोपा. किती भिस्ती त्या काठावर पडले!

दादीकडून मला यातले एकच कळले. बडे दादा सांगत, की त्या नदीचे पाणी इतके गढूळ की तुरटी फिरवूनही खाली बोटभर चिखल राही, आणि मशक अंधारात भरायची ती आवाज न करता. मशक भरताना बुडबुड आवाज होतो. तो होऊ न देण्याची त्यांची काहीतरी हातोटी होती आणि म्हातारपणी ते घागरही तशीच भरत. सुनांना ते कधी विहिरीवर आले-गेले कळतही नसे.

मुहर्रमला मर्सिये ऐकत वाढलेला माणूस इराकच्या नदीकाठी पाण्यासाठी रांगतो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. करबला तिथून फार दूर नाही. पण बडे दादांनी स्वतः कधी ही तुलना केल्याचे दादीला आठवत नव्हते, म्हणून मीही ती पुढे रेटत नाही.

अन्न संपत आले. घोडे, खेचरे कापायला सुरुवात झाली. गोरे खाऊ लागले, हिंदी शिपाई हात लावीनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंचे परवानगीचे निरोप मागवले, तरी पुष्कळांनी मानले नाही. परत गेल्यावर गाव काय म्हणेल, मुलींची लग्ने कशी होतील, ही भीती भुकेपेक्षा मोठी होती. रक्तपितीने हिरड्या सुजल्या. एप्रिलमध्ये, पीठ माणशी मूठभर राहिल्यावर, बरेच जण खाऊ लागले. खंदकाच्या कडेची रानभाजी शिजवून खात. नगरच्या ब्रिगेडीचा सेनापती हॉटन अशाच भाजीच्या बाधेने गेला असे सांगतात. विमानांतून पिठाची पोती टाकली जात, आणि त्याआधी बार्ली दळायला जात्याच्या पाळ्याही टाकल्या होत्या. आकाशातून जाते पडते आहे! सुटकेसाठी आलेल्या फौजेचे तेवीस हजारांच्या घरात लोक कामी आले किंवा जखमी झाले. वेढ्यात होते तेरा हजारांच्या आसपास.

२९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंडने शरणागती पत्करली. शरण गेलेल्या तेरा हजारांत तीन हजारांवर निव्वळ फॉलोअर्स होते. टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवले. बाकीच्यांना उन्हातून बगदाद, समारा, मोसूलमार्गे चालवत नेले. गोऱ्या शिपायांतले तिघांपैकी दोघे मेले. हिंदी लोकांतले अडीच हजारांच्या आसपास. पुष्कळ हिंदी लोकांना रास-अल-ऐनला जर्मनांच्या बगदाद रेल्वेच्या कामावर लावले. बंगालच्या रुग्णसेवा पथकातले शिशिर सर्वाधिकारी त्यांच्यातच होते. त्यांनी पुढे या सगळ्यावर 'अभि ले बगदाद' हे पुस्तक बंगालीत लिहिले. तुर्कांनी मुसलमान कैद्यांना वेगळे काढून आपल्याकडे वळवायचा प्रयत्न केला. काही गेले. बडे दादा रेल्वेच्या भरावावरच राहिले, तिथेही पाणी पाजत.

पूना डिव्हिजन महायुद्ध संपेपर्यंत पुन्हा उभी राहिली नाही.

ते १९१९ च्या पावसाळ्यात घरी आले. पुढच्याच वर्षी खिलाफतीची चळवळ गावोगाव पोचली. दादीने सासूकडून ऐकलेले असे, की एका जुम्म्याला मशिदीत बाहेरगावच्या वक्त्याने खलिफाच्या फौजेवर गोळ्या झाडणाऱ्यांचा धिक्कार केला आणि सगळ्यांच्या माना बडे दादांकडे वळल्या. ते उठून म्हणाले, "मी पाणी पाजत होतो." वक्त्याने विचारले, "कोणाला?" बडे दादा म्हणाले, "जो मागेल त्याला." आणि खाली बसले. पुढे काही महिने त्यांच्याशी मशिदीत कोणी बोलत नसे. देवळापुढच्या पारावर मात्र मराठा पलटणीतून परतलेले दोघे त्यांच्यासाठी जागा धरून ठेवत. 'बसरावाले' हे नाव त्या पारावरच पडले.

बसऱ्याला इंग्रजांनी मोठे स्मारक बांधले. त्यावर चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडे. सद्दाम हुसेनच्या हुकमाने १९९७ साली ते स्मारक तिथून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेले. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली माफी मागितली.

लढाई संपल्यावर शिपायांना चांदीचे पदक मिळाले, फॉलोअर्सना तेच पदक ब्राँझचे. चांदीची बरीच पदके दुष्काळात, लग्नकार्यात सोनाराकडे गेली. आमचे कोणी घेईना, म्हणून राहिले. दादीने ते बरीच वर्षे लोणच्याच्या बरणीखाली ठेवले होते, बरणी हलू नये म्हणून. आता माझ्याकडे आहे. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत पणजोबांचे नाव आहे, स्पेलिंग चुकलेले, आणि त्यापुढे 'भिस्ती, ११० मराठा'.