पात्र, नट आणि चाहता : विज्ञानकथा-संमेलनांच्या इतिहासातील एक प्रश्न

लोकप्रिय साहित्याच्या चाहत्यांचा विचार करताना समीक्षा बहुधा एका गृहीतकापासून सुरुवात करते. चाहता भाबडा असतो, पात्र आणि ते वठवणारा नट यांतील भेद त्याला उमगत नाही, आणि म्हणूनच नटाच्या सहीसाठी तो तासन्‌तास रांगेत उभा राहतो, असे हे गृहीतक. २० डिसेंबर १९८६ रोजी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन विनोदी कार्यक्रमात ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेचे नायक विल्यम शॅटनर यांनी त्याला नाट्यरूपच दिले. मेळाव्यात आलेला नट चाहत्यांच्या बारीकसारीक प्रश्नांना विटतो आणि ‘ही केवळ एक मालिका होती, आता जरा स्वतःचे आयुष्य जगा’ अशा अर्थाचे खडे बोल त्यांना सुनावतो, असे ते प्रहसन होते. हेन्री जेन्किन्स यांच्या चाहत्यांविषयीच्या १९९२च्या ग्रंथाची सुरुवात याच प्रहसनाच्या चर्चेने होते. मिशेल द सर्तो यांची ‘वाचक म्हणजे दुसऱ्याच्या रानात चोरटी शिकार करणारा’ ही कल्पना घेऊन जेन्किन्स चाहता आणि संहिता यांचा संबंध उलगडतात. परंतु चाहता आणि नट यांच्या प्रत्यक्ष भेटीचा इतिहास हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. तो तपासला तर भाबडेपणाचे गृहीतक फारसे टिकत नाही.

मुळात या संमेलनांत नट नव्हताच. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले आणि पुढे त्यातील पत्रव्यवहारात वाचकांचे पत्तेही छापले. एकमेकांपासून दूर राहणारे वाचक त्यामुळे संपादकाला वगळून परस्परांना लिहू लागले. १९३०पासून त्यांची स्वतःची नियतकालिके निघू लागली. घरच्या घरी छापलेली, तोट्यात चालणारी आणि भांडणांनी भरलेली ही पत्रे साठच्या दशकातील मराठी अनियतकालिके ज्यांनी हाताळली आहेत त्यांना मुळीच परकी वाटणार नाहीत. जानेवारी १९३७ मध्ये इंग्लंडात लीड्स येथे मूठभर वाचक एकत्र आले, त्यांत तरुण आर्थर क्लार्क होते. २ ते ४ जुलै १९३९ या काळात न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा-संमेलन भरले, तेव्हाही उपस्थिती सुमारे दोनशेच होती. लेखक, संपादक, चित्रकार आणि वाचक यांच्यातील अंतर तिथे इतके कमी होते की आजचा वाचक उद्याचा लेखक असे.

या आरंभकाळाचे वर्णन पुष्कळदा समानांच्या सुवर्णयुगासारखे केले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९३९च्या त्या संमेलनाच्या दारातूनच सहा तरुणांना परत पाठवण्यात आले होते. ते डाव्या विचारांचा प्रचार करतील ही संयोजकांची भीती होती. परतवलेल्यांत डोनाल्ड वोल्हाइम, फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लुथ होते. पुढील काळातील विज्ञानकथेचे संपादन आणि लेखन ज्यांच्याशिवाय सांगता येत नाही, अशी ही नावे. त्याच गटातील आयझॅक असिमॉव्ह मात्र आत गेले. त्याच संमेलनात मर्टल डग्लस यांनी शिवलेले भविष्यकालीन पोशाख त्या स्वतः आणि फॉरेस्ट अ‍ॅकरमन घालून आले होते. त्यांची प्रेरणा ‘थिंग्ज टु कम’ हा १९३६चा चित्रपट होती. म्हणजे पडद्यावरची प्रतिमा वाचकांच्या मेळाव्यात पहिल्या दिवसापासून होती. पडद्यावरचा माणूस तेवढा नव्हता.

तो येण्याची वाट ‘स्टार ट्रेक’ने मोकळी केली. सप्टेंबर १९६६ मध्ये मालिका सुरू होण्याच्या काही दिवस आधी तिचे निर्माते जीन रॉडनबेरी क्लीव्हलंडच्या जागतिक संमेलनात तिचे नमुना-भाग घेऊन आले. थिओडोर स्टर्जन, रिचर्ड मॅथेसन, हार्लन एलिसन अशा विज्ञानकथाकारांनी मालिकेसाठी लिहिले असल्याने वाचकांना ती आपल्याच साहित्याची पुढची पायरी वाटली, तर नवल नाही. दुसऱ्या वर्षाअखेर मालिका बंद पडण्याची चिन्हे दिसताच बियो ट्रिंबल यांच्या पुढाकाराने पत्रमोहीम झाली. लाखाहून अधिक पत्रे पोहोचली आणि मार्च १९६८ मध्ये मालिका चालू राहणार असल्याचे वाहिनीला प्रक्षेपणातूनच जाहीर करावे लागले. १९६९ मध्ये ती बंद झाली ती झालीच. पण ७९ भागांची ही संहिता पूर्ण झाल्यावरच, स्थानिक केंद्रांवरील पुनःप्रक्षेपणांतून, तिचा खरा चाहतावर्ग वाढला.

या चाहतावर्गात स्त्रियांचा वाटा लक्षणीय होता, ही गोष्ट जुन्या, बहुतांशी पुरुषी वर्तुळाला रुचली नाही. १९६७च्या ‘स्पॉकॅनेलिया’ या पहिल्या ‘स्टार ट्रेक’-पत्राच्या संपादक डेव्हरा लँगसम आणि शर्ना कॉमरफर्ड होत्या. पुढे १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी एका विडंबनकथेत ‘मेरी स्यू’ हे पात्र निर्माण केले. सर्वगुणसंपन्न, सर्वांची लाडकी आणि शेवटी उदात्तपणे मरणारी ही तरुणी म्हणजे चाहत्यांच्याच हौशी लेखनातील स्वप्नरंजनाची थट्टा होती. ज्या समूहाने स्वतःच्या दुबळेपणासाठी स्वतःच समीक्षेची संज्ञा घडवली, त्याला भाबडे म्हणणे धाडसाचे ठरेल.

जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हिल्टन हॉटेलात या मालिकेचे पहिले मोठे संमेलन झाले. लँगसम संयोजकांत होत्या. काहीशे लोकांची अपेक्षा असताना तीन हजारांहून अधिक आले. पाहुणे कोण होते ते पाहण्यासारखे आहे : निर्माते रॉडनबेरी, पटकथा-संपादक डी. सी. फॉन्टाना, १९३९च्या त्या दारातून आत गेलेले असिमॉव्ह, आणि मालिकेत दुय्यम भूमिका केलेल्या मॅजेल बॅरेट. प्रमुख नटांपैकी कोणीही नव्हते. जेम्स डूहन आणि जॉर्ज टाकेई पुढच्या वर्षी आले. नट हा या परंपरेत उशिरा आलेला पाहुणा आहे, आणि त्याला बोलावणारे यजमान संहितेत मुरलेले वाचक होते.

मग या भेटीत नेमके काय घडते? वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६च्या प्रसिद्ध निबंधात असे दाखवले की चित्रपटात नट आणि प्रेक्षक समोरासमोर येत नाहीत. नटाचे तेजोवलय नाहीसे होते आणि त्याची भरपाई म्हणून स्टुडिओबाहेर ‘व्यक्तिमत्त्वा’चा कृत्रिम डोलारा उभारला जातो. ही मांडणी येथे अपुरी पडते. चाहते गेले ते व्यक्तिमत्त्वाकडे नव्हे, पात्राचा एक कर्ता म्हणून नटाकडे. स्पॉक या पात्राच्या अभिवादनाचे उदाहरण घ्यावे. पंजा उभारून मधल्या दोन बोटांत फट ठेवण्याची ती मुद्रा स्टर्जन यांनी लिहिलेल्या, १९६७ मध्ये प्रक्षेपित झालेल्या भागात प्रथम दिसली; पण ती दिली लिओनार्ड निमॉय यांनी. बॉस्टनमध्ये लहानपणी यहुदी प्रार्थनामंदिरात पुरोहितांचे आशीर्वाद देणारे हात त्यांनी चोरून पाहिले होते. ती मुद्रा त्यांच्या स्मरणातून चित्रीकरणात आणि तेथून चाहत्यांच्या हातांत गेली. अशा मुद्रेचा लेखक कोण, याचे उत्तर मुद्रित संहितेत सापडत नाही.

पात्र आणि नट यांच्या सीमारेषेवर गोंधळ झाला असेल तर तो नटाच्या बाजूने अधिक झाला. विमानतळावर एका आईने ‘हा तुझा स्पॉक’ म्हणून निमॉय यांची आपल्या मुलाशी ओळख करून दिली, तेव्हा मुलगा कोऱ्या नजरेने पाहत राहिला. मुलाला भेद अचूक कळला होता. १९७५ मध्ये निमॉय यांनी ‘आय अ‍ॅम नॉट स्पॉक’ या नावाचे पुस्तक लिहिले आणि त्यात स्पॉकशी काल्पनिक संवाद केले. शीर्षकामुळे दुखावलेल्या चाहत्यांचा रोष वर्षानुवर्षे सोसून १९९५ मध्ये ‘आय अ‍ॅम स्पॉक’ लिहिले.

पैशाची बाजू नाकारण्यात अर्थ नाही. पत्रे काढणाऱ्यांच्या संमेलनांशेजारी नफ्यासाठी चालणारे मेळावे वाढले, सहीचा दर वेगळा, छायाचित्राचा वेगळा झाला आणि नटापुढे उभे राहण्याचा वेळ काही क्षणांवर आला. १९३९ मध्ये दार मतांवरून बंद झाले होते, आता ते तिकिटावर उघडते. सहीचा व्यवहार याच प्रकारे व्हायला हवा असे मात्र नाही. मराठी विज्ञानकथेचे अग्रणी जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवायला सांगत. उत्तराखाली सही असे. गर्न्सबॅक यांच्या पत्रव्यवहाराशी या पोस्टकार्डाचे नाते आजच्या दरपत्रकापेक्षा जवळचे आहे.

तरीही बाजारापाशी हा इतिहास संपत नाही, याची साक्ष निशेल निकल्स यांची कहाणी देते. पहिल्या वर्षानंतर मालिका सोडण्याचा त्यांचा विचार होता. एका समारंभात एक चाहता भेटू इच्छितो असे त्यांना सांगण्यात आले. तो चाहता म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग. कृष्णवर्णीय स्त्री अवकाशयानावर अधिकारी म्हणून दिसते याचे मोल त्यांनी निकल्स यांना समजावले, असे निकल्स सांगत. येथे नटीला तिच्या भूमिकेचा अर्थ चाहत्याने सांगितला. १९७५ मध्ये शिकागोच्या संमेलनात त्या स्वतःच श्रोत्यांत बसून ‘नासा’चे शास्त्रज्ञ येस्को फॉन पुटकामर यांचे भाषण ऐकत होत्या. अंतराळवीरांत आपल्यासारखे कोणीच कसे नाही, हा प्रश्न त्यांना तेथे पडला. १९७७ मध्ये ‘नासा’साठी त्यांनी स्त्रियांना आणि अल्पसंख्याकांना अर्ज करण्याचे आवाहन करत देशभर प्रवास केला. १९७८ मध्ये निवडलेल्या ३५ जणांत सहा स्त्रिया आणि तीन कृष्णवर्णीय पुरुष होते. मे जेमिसन या त्यानंतरच्या तुकडीतल्या. लहानपणी निकल्स यांची उहुरा पाहून प्रेरणा घेतलेल्या जेमिसन सप्टेंबर १९९२ मध्ये अंतराळात गेल्या आणि १९९३ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या पुढच्या मालिकेत एका छोट्या भूमिकेत दिसल्या. त्या चित्रीकरणाच्या वेळी त्यांना भेटायला निकल्स सेटवर आल्या होत्या.